विमानाची फेरी

मुरुमच्या पेठेत संध्याकाळी शरणबसप्पांची पांढरी जीप शिरली की लोक आधी पुढच्या सीटकडं बघत आणि मग मागच्या. पुढच्या सीटवर विमान बसलेलं असे आणि मागच्या सीटवर रुद्रम्मा. बघून झालं की लोक हात जोडत. ते हात नेमके कुणाला जोडले, हे विचारायची पद्धत पेठेत नव्हती. शरणबसप्पा तुरीचे मोठे आडते; गाव त्यांना सावकारच म्हणे. हंगामात निम्म्या पेठेचं त्यांच्या काट्याशी काम पडे, आणि काट्याशी काम पडणारा माणूस फार चौकशा करत नाही.

विमान हे कुत्र्याचं नाव.

रुद्रम्मा लग्न होऊन आळंदहून या घरात आली तेव्हा पुढची सीट सासूची होती. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. सासू गेल्यावर ती जागा आपली, असा तिचा साधा हिशेब होता. सासू गेली, आणि वर्ष उलटायच्या आत कुत्रं आलं.

आलं तेही गुरुलिंगमुळं. गुरुलिंग हा शरणबसप्पांचा चुलतभाऊ. त्याची जमीन माळाला, आणि त्याच्याकडं कारवानी या शिकारी जातीचं एक कुत्रं. ते रोज त्याच्या मोटरसायकलमागं पळत शेताला जायचं आणि पळतच परत यायचं. गेल्या खेपेच्या जत्रेत शर्यत लागली आणि ते पहिलं आलं. गावानं गुरुलिंगला फेटा बांधला, हलगी लावून पेठेतून मिरवला. आपल्याच आडतीसमोरून आपला भाऊ मिरवत गेलेला बघून शरणबसप्पांना आठवडाभर जेवण गेलं नाही. भाऊ एक पायरी चढला की आपण दोन चढायच्या, ही त्या घरची जुनी रीत. गुरुलिंगनं एक बोअर पाडली तेव्हा यांनी दोन पाडल्या होत्या. पाणी गुरुलिंगच्याच बोअरला लागलं, पण मोजायला गेलं तर दोन त्या दोनच.

तर शरणबसप्पांनी गुरुलिंगच्या कुत्र्याहून उंच, त्याच्याहून लांब पायांचं कारवानी आणलं. विकणारा म्हणाला, "मालक, कुत्रं न्हाई हे. इमान हाय, इमान!" शरणबसप्पांनी इमान शुद्ध करून विमान केलं आणि तेच नाव ठेवलं. स्वतःहून काही सुचण्याचा त्रास त्यांना कधीच नव्हता.

कारवानी जनावर देवानं पळण्यासाठी घडवलंय, दुसऱ्या कशासाठीच नाही. खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, तुराट्यांसारखे पाय. शरणबसप्पांनी देवाची ही चूक हळूहळू दुरुस्त करत आणली. विमानाला त्यांनी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत साखळीनं बांधलं. भाकरी गावठी कुत्री खातात म्हणून भाकरी बंद केली. सकाळी दुधात कुस्करलेली खारी, दुपारी तूप-पोळी, सणाला पुरणाच्या होळग्या, आणि कुणी पाहुणा आला की त्याला दाखवायला म्हणून वर एक पेढा. पाहुण्यांना त्या घरात तोटा नव्हता. उन्हाळा संपेतो विमान असं भरलं, की बसल्यावर तुरीचं गच्च भरलेलं कट्टं आणून टेकवल्यासारखं दिसायला लागलं. नखं वाढून आत वळली. गच्चीवर चाललं की फरशीवर टकटक वाजे. तेही फार वेळ वाजत नसे, कारण चार पावलांत विमानाला धाप लागायची.

"बघा की वो ह्याच्याकडं," रुद्रम्मा म्हणाली. "बाळंतिणीसारखं धापा टाकतंय."

"ते तब्येतीचं लक्षण हाय," शरणबसप्पा म्हणाले. स्वतःच्या घराचा जिना चढून झाल्यावर तेही एका वाक्यात दोनदा श्वास घेत.

शेवटी एके दिवशी विमान उठेचना. मागचे पाय धरले होते. तेव्हा त्याला जीपमध्ये घालून जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. उचलायला तिघं लागले. डॉक्टर श्रीनाथ तरुण होते, त्यातून त्यांच्या दारात दोन म्हशी आणि एक लंगडी शेळी थांबलेली. त्यांनी विमानाचं पोट दाबलं, पाय ओढून पाहिले, छातीला नळी लावली.

"फिरवता का ह्याला?"

"फिरवतो की! रोज."

"किती?"

"पेठ, बसस्टँड, तिथनं येणेगूरच्या फाट्यापर्यंत. आन् परत."

डॉक्टरांनी चकित होऊन विमानाकडं पाहिलं, मग शरणबसप्पांच्या पोटाकडं. "एवढं फिरवून हे असं?"

"जात्याच बांधा मोठा हाय त्याचा."

"मग खाणं निम्म्यावर आणा, आणि फिरवणं सोडू नका. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. न्हाई फिरवलं तर सांगतो, अप्पा, हे बसल्या जागी जाईल. हृदयावर ताण आलाय."

रुद्रम्मा दाराशी उभी होती. तिनं पदर सावरला. "डॉक्टर, पायानं का चाकानं, तेवढं ह्यांना..."

"तू गप ग," शरणबसप्पा म्हणाले. तेवढ्यात म्हशीनं दारात शेण टाकलं, डॉक्टर तिकडं धावले, आणि जगातलं एक मोठं सत्य त्या शेणाखाली राहून गेलं.

परत येताना जीपमध्ये रुद्रम्मानं विषय सोडला नाही. तिचं माहेर कानडी. मराठी ती चाळीस वर्षं बोलत होती, पण अंगाशी आलेली गोष्ट ती अजून कानडीतच तपासून बघे.

"अवो, त्यांना 'नडी' म्हणायचं हुतं. नडी म्हंजे चाल. ज्याच्या त्याच्या पायानं. तुम्ही ह्याला बसवून नेताय."

"मराठी तू मला शिकवू नको," शरणबसप्पा म्हणाले. "फिरवणं म्हंजे फिरवणं. वरातीत नवरदेवाला फिरवतात, तो काय पायी चालतो? छबिन्याला देव फिरवतात. पालखीतनं उतरून चालला का कधी तुझा देव? नवा ट्रॅक्टर घेतला तर गावातनं फिरवतात. ज्याला फिरवायचं त्यानं नुस्तं बसायचं असतं. चालायचं दुसऱ्यानं."

रुद्रम्मा मागच्या सीटला टेकून बसली. मराठी भाषा सावकाराच्या बाजूची आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

शरणबसप्पांनी मात्र डॉक्टरांचा शब्द खाली पडू दिला नाही. सकाळचीही फेरी चालू झाली. संध्याकाळची फाट्याच्या पुढं, हायवेच्या ढाब्यापर्यंत गेली. ढाब्यावर ते चहा घेत आणि विमानाला बिस्किटाचा पुडा फोडत, कारण एवढं फिरून दमलं असणार. रोज विमानाचा फोटो मोबाइलवर स्टेटसला पडे. खाली लिहिलेलं असे, 'आरोग्य हीच संपत्ती.' पेठेतले लोक त्याला अंगठा दाखवत. तो अंगठाही नेमका कुणाला, हे विचारायची पद्धत नव्हती.

एका संध्याकाळी रुद्रम्मा म्हणाली, "मी नेऊ का ह्याला? पहाटे मळ्यापर्यंत जाऊन येते. मलाबी साखरेसाठी चालायलाच सांगितलंय उमरग्याच्या डॉक्टरनी."

शरणबसप्पांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. ही गोष्ट त्या घरात क्वचितच होत असे.

"सावकाराची बायको? कुत्रं धरून? रस्त्यानं?"

"मग काय झालं?"

"काय झालं? आपल्या घरची बाई पायी दिसली की लोकांना वाटतं जीप विकली. तुला चालायचं तर गच्चीवर चाल. टाकीला फेऱ्या मार. तुला काय, त्याला काय, गच्ची पुरते की."

म्हणून रुद्रम्मा गच्चीवर चालायला लागली. शरणबसप्पा आडतीला गेले की ती साखळी सोडे आणि म्हणे, "बा. नडी." विमानाला मराठीत कुणी कधी काही करायला सांगितलंच नव्हतं. मराठी त्याला फक्त कौतुकाची माहीत. हे दोन कानडी शब्द त्यानं मनावर घेतले. बा म्हणजे ये, नडी म्हणजे चाल. टाकीभोवती एक फेरी व्हायची, कधी दीड, आणि मग विमान सावलीत बसायचं. रुद्रम्माही त्याच्या शेजारी बसायची. गच्ची ती केवढी! तिथं कुत्र्याचा जीव रमेना आणि बाईचाही. कठड्याच्या फटीतून नाक बाहेर काढून विमान रस्त्यावरच्या खरजुल्या कुत्र्यांकडं बघत राही. ती दिवसभर उपाशी हिंडत, लाथा खात आणि पळत. त्यांच्यातल्या एकाचंही हृदय ताणलेलं नव्हतं.

रात्री झोपेत मात्र विमानाचे चारी पाय हलायचे. ते बघत रुद्रम्मा त्याच्याजवळ जागी बसायची. ह्याचं पळणं एवढंच उरलं काय, आणि तेही एके दिवशी थांबलेलं सकाळी आपल्यालाच सापडणार काय, हा एकच घोर तिला लागून राहिला.

अशात जत्रा आली.

गुरुलिंग आडतीत येऊन तंबाखू मळत बसला. "काय शरणअण्णा, विमान उडणार का ह्या साली, का हवामान खराब हाय?"

"तू तुझं बघ," शरणबसप्पा म्हणाले. आडतीत दहा माणसं होती, आणि दहा माणसं असली की त्यांना स्वतःचा आवाज आवरत नसे. "तुझं कुत्रं रोज जातंय शेतापर्यंत. माझं फिरतंय हायवेला. निकाल शर्यतीच्या पट्टीवर दिसंल. पहिलं न्हाई आलं, तर त्याला माझ्या दारात ठेवणार न्हाई. शब्द हाय."

"बघा हां. शब्द दिला सावकारानी," गुरुलिंगनं दहाही माणसांकडं आळीपाळीनं बघितलं.

घरी ही बातमी शरणबसप्पांच्या आधी पोचली. रुद्रम्मानं जेवायला वाढताना विचारलं, "दारात न्हाई ठेवणार, मग कुठं ठेवणार?"

"येडशीला रामलिंगाचं जंगल हाय. सोडून देऊ. जनावर जनावरात जाईल."

"जंगलात! त्याला पेढा कुस्करून द्यावा लागतोय!"

"तशी पाळीच यायची न्हाई. पहिलं येणार ते. एवढं फिरवलंय म्या."

जत्रेच्या दिवशी काढलेल्या सोयाबीनच्या रानात पट्टी आखली होती. पुढं एक मोटरसायकल, तिला लांब दोरीनं बांधलेलं गोणपाट, आणि त्या गोणपाटामागं कुत्री पळणार. लाउडस्पीकरवर बसवराज होता. गावातलं लग्न असो, पुढाऱ्याची सभा असो का कुत्र्यांची शर्यत, त्याचं निवेदन एकच असे, फक्त नावं बदलत.

बाकीच्यांनी आपापली कुत्री हाताला धरून आणली होती. हाडं मोजून घ्यावीत अशी ती किडकिडीत, गळ्यात सुतळी. विमान जीपमधून आलं. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला विभूती. शरणबसप्पांनी जीप पट्टीच्या तोंडाशीच, मंडपाला लागून उभी केली, म्हणजे बक्षीस घेऊन थेट बसता येईल. ते उतरले, पलीकडं जाऊन विमानासाठी दार उघडलं आणि त्याला रेषेवर नेलं. रुद्रम्मा बायकांच्या मंडपात बसली. तिनं हात जोडले होते. तिनं मागितलं ते एवढंच की पहिलं नको, पण मेल्यासारखं तरी पडू नको देऊस.

"सर्व रसिक भाविकांचं शब्दसुमनांनी स्वागत," बसवराज म्हणाला. "आणि आता आपल्या लाडक्या सावकारांचं विमान धावपट्टीवर उभं आहे. उड्डाणाला काही क्षण बाकी."

झेंडा पडला. मोटरसायकल भुर्रकन सुटली, गोणपाट धुरळा उडवत निघालं, आणि बाकीची कुत्री बाण सुटावेत तशी गेली. रेषेवर एकटं विमान राहिलं. त्यानं लांब जाणाऱ्या मोटरसायकलकडं पाहिलं. मग शरणबसप्पांकडं पाहिलं. काहीतरी सुटतंय आणि आपण इथं उभे आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. काही सुटत असेल तर काय करायचं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन वेळच्या फेऱ्यांची शिकवण फुकट जात नाही. विमान मागं वळलं. टकटक नखांनी, जेवढं जमेल तेवढ्या लगबगीनं जीपपाशी गेलं, पुढच्या दारावर दोन्ही पाय ठेवले आणि दार उघडण्यासाठी एकदाच, साहेबासारखं, भुंकलं.

मैदानातली सगळी तोंडं जीपकडं वळली. मग लाउडस्पीकर बोलला.

"विमान... विमान आपल्या ड्रायव्हरची वाट बघत आहे."

त्यापुढं जे हसू फुटलं ते शर्यत संपली तरी थांबलं नाही. पहिलं कोण आलं हे पुष्कळांना दुसऱ्या दिवशी कळलं. (गुरुलिंगचंच आलं होतं.) कुणीतरी जीपचं दार उघडून दिलं. विमान पुढच्या दोन पायांनी चढलं, मागचे दोन लोकांनी चढवले. ते आपल्या सीटवर बसलं आणि काचेतून समोर बघत राहिलं, निघायचं म्हणून.

शरणबसप्पांचा चेहरा जत्रेतल्या गुलालापेक्षा गडद झाला होता. "हरामखोर," ते म्हणाले. "एवढं खाऊ घातलं, एवढं डिझेल जाळलं. ह्याला आत्ताच्या आत्ता येडशीला नेतो. जंगलात सोडतो."

"व्हय अण्णा," गुरुलिंग शांतपणे म्हणाला. "तेवढंच आजून एकदा फिरवणं झालं."

शरणबसप्पा दार उघडून आत बसले आणि किल्ली फिरवली. तेवढ्यात रुद्रम्मा मंडपातून उठली. बायका बघत होत्या, बाप्ये बघत होते, लाउडस्पीकर चालू होता. ती जीपच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि दार उघडलं.

"बा," ती म्हणाली.

विमानानं तिच्याकडं बघितलं, मग समोरच्या काचेकडं. शरणबसप्पांनी त्याचा पट्टा धरला. "बस खाली!"

"बा. नडी."

विमान उतरलं. उतरलं म्हणजे अर्धं उतरलं आणि अर्धं पडलं, पण चारही पायांवर उभं राहिलं. रुद्रम्मानं त्याच्या गळ्यातला हार काढून सीटवर ठेवला, साखळीचं टोक मनगटाला गुंडाळलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गावाच्या रस्त्याला लागली.

"कुठं निघालीस?" शरणबसप्पा ओरडले.

"घरी."

"चालत?"

"मग काय उडत? विमान तुमचं उतरलंय खाली."

लाउडस्पीकर नुसता खरखरला. बसवराजकडं ह्या प्रसंगासाठी निवेदन नव्हतं.

शरणबसप्पा पेचात सापडले. एकटे जीपमधून निघून गेले तर सावकाराची बायको रस्त्यावर टाकली म्हणून बोभाटा होणार. उतरून तिच्याबरोबर चालले तर सावकार पायी आला म्हणून होणार. येडशीला जावं तर न्यायचं जनावर पुढं चाललेलं. चाळीस वर्षं काट्यावर उभं राहून त्यांना एक गोष्ट येत होती, कुठल्याच पारड्यात पूर्ण वजन न टाकणं. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि रुद्रम्माच्या मागोमाग, पावलाला पाऊल लावून, जीप चालवायला सुरुवात केली.

रस्ता फार नव्हता, पण विमानाला तो पंढरीएवढा होता. दर कडुलिंबाखाली ते बसे. रुद्रम्मा थांबे, जीप थांबे. तिलाही धाप लागली होती, टाचा दुखत होत्या. मग ती म्हणे "नडी" आणि तिघं पुन्हा निघत. एका वळणावर विमानानं वळून जीपकडं पाहिलं. उघडं दार, रिकामी सीट, सीटवर झेंडूचा हार. रुद्रम्मानं साखळी ओढली नाही. नुसती उभी राहिली. विमानानं हवेत नाक वर केलं. बांधाकडून सशाचा का कशाचा वास आला असावा. त्यानं कान टवकारले, आणि तीन-चार पावलं, कुणी पळणं म्हणेल अशी, स्वतःहून टाकली. मग लगेच बसलं. पण ती तीन-चार पावलं झोपेतली नव्हती.

घरी पोचल्यावर ते इतकं पाणी प्यालं की बादली पुन्हा भरावी लागली. त्या रात्री त्याचे पाय हलले नाहीत. रुद्रम्मा दचकून उठली, त्याच्या छातीला हात लावला. छाती चालू होती. नुसतं दमून झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साखळी घेऊन बाहेर पडली. शरणबसप्पा बनियनवर धावत खाली आले, जीप काढली. येडशीचा विषय निघाला नाही. पेठेत आदल्या दिवशी एवढं हसू झालं होतं की आता आणखी एक शब्द मोडला काय आणि न मोडला काय. पण बायको एकटी पायी दिसता कामा नये, यावर ते ठाम होते. त्यामुळं मुरुमच्या पेठेला नवं दृश्य बघायला मिळालं. पुढं रुद्रम्मा, तिच्या बाजूला रोज जरा जरा उतरत चाललेलं विमान, आणि मागं पहिल्या गिअरमध्ये सावकारांची जीप. चढाला रुद्रम्मा आणि विमान निघून जात आणि जीप गरम होऊन थांबे.

लोक आता सरळ रुद्रम्माला हात जोडायला लागले. ते कुणाला, हे विचारायची गरज उरली नाही. महिनाभरानं डॉक्टर श्रीनाथांनी विमानाचं पोट दाबून बघितलं आणि शरणबसप्पांना म्हणाले, "वा, आता फरक पडला. मी म्हटलं नव्हतं, फिरवा म्हणून?"

"फिरवतोयच की," शरणबसप्पा म्हणाले. "तेव्हापास्नं."

एका संध्याकाळी गुरुलिंग मोटरसायकलवरून समोर आला. मागं त्याचं कुत्रं पळत होतं. जीपजवळ येऊन त्यानं पाय टेकला. पुढं दोघं चाललेली, मागं ही घरघरणारी गाडी, हे त्यानं डोळे भरून पाहिलं.

"काय अण्णा, गाडी बिघडली काय?"

"न्हाई. फिरवतोय."

"कुणाला?"

शरणबसप्पांनी खांदे मागं घेतले. "दोघांना," ते म्हणाले.

रुद्रम्मानं ते ऐकलं. ती वळली नाही. "नडी," ती म्हणाली.

विमान चालायला लागलं. मागोमाग जीपही निघाली.